न सांगितलेला विस्तव

मे महिना लागला की ताथवड्याच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर धूर निघायला लागतो. नातजावयाने एक काळी लोखंडी पेटी आणली आहे, तीन पायांची, झाकणाची. तिला तो बार्बेक्यू म्हणतो. परवा रविवारी संध्याकाळी त्याने तिच्यात कोळशाच्या विटा रचल्या, बाटलीतलं कसलंसं पाणी त्यावर ओतलं आणि काडी लावली. भप्प करून जाळ उठला आणि एक वास माझ्या नाकात शिरला. रंगाच्या थिनरचा वास.

मी खुर्चीत बसल्या बसल्या हसले.

"काय झालं गं आजी?" नात म्हणाली.

"काही नाही. एका माणसाची आठवण आली."

"कुणाची?"

"मेलाय तो," मी म्हणाले. "चांगलं झालं."

जावई मोठ्याने हसला. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करते. मी चेष्टा करत नव्हते. मग तो म्हणाला, "आजी, तुम्ही मटणाची गाडी लावायचात ना? आम्हाला पण द्या की चार टिप्स."

देते. चार कशाला, सगळ्या देते. मी चौथी शिकलेली बाई, लिहिताना काना-मात्रा चुकली तर नात दुरुस्त करणार आहे. पण मजकुराला हात लावायचा नाही, असं तिला बजावलं आहे. या सगळ्या युक्त्या मी पूर्वी एकदा एका माणसाला सांगितल्या होत्या. त्यातली एक सोडून. त्या एकीसाठीच हे लिहायला बसले.

माझा बाप देहूरोडला मिलिटरीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. उन्हाळ्यात साहेब लोक बाहेर हिरवळीवर बसायचे आणि बाप लांबट शिगडीवर त्यांना मटण भाजून द्यायचा. मी भिंतीपाशी बसून बघायचे. ऊन उतरलेलं असायचं, पण जमीन तापलेलीच. बापाच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबायचा, तो मनगटाने पुसायचा, पण मटणात पडू द्यायचा नाही. तो म्हणायचा, "शेवंता, मसाला कुणालाबी येतो. विस्तव यायला पाहिजे." तेव्हा मला ते कळलं नाही. दहा वर्षांची होते.

मटण मागच्या पायाचं घ्यावं, नाहीतर खांद्याचं. बकरा कोवळा हवा, चरबी पांढरी हवी. पिवळी चरबी दिसली की खाटकाला रामराम करून पुढे जावं. तुकडे सारखे कापावेत, सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान. धुतल्यावर फडक्याने कोरडे करावेत. ओलं मटण भाजत नाही, उकडतं. आमच्याकडे तेव्हा फ्रिज कुठला? माठावर ओलं फडकं टाकून त्यात पातेलं ठेवायचे आणि सकाळी आणलेलं दुपार टळायच्या आत संपवायचे. उन्हाळ्यात शिळ्या मटणाची परीक्षा घेत बसू नये.

लग्न होऊन मी आकुर्डीच्या चाळीत आले. वर पत्रा. मे महिन्यात दुपारी तो पत्रा ताडताड वाजायचा, जणू कुणी वरून खडे टाकतंय. सगळीकडे लोखंडाच्या किसाचा वास. मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या शर्टाला, त्यांच्या केसांना, त्यांनी हात लावलेल्या भाकरीलाही. ते पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. ती कंपनी कधीच बंद पडली, आज तिचं नाव कुणी काढत नाही. मालक टेंपररी. काही महिने काम, मग ब्रेक, मग परत काम. चाळीत पर्मनंट माणसाची बायको नळावर जरा वेगळी उभी राहायची. हंडा भरून झाला तरी बाजूला व्हायची नाही. टेंपररीच्या बायका मुकाट्याने थांबायच्या. मी थांबत नव्हते, म्हणून माझं कुणाशी जमत नव्हतं.

मालकांच्या खात्याचा सुपरवायझर, त्याला सगळे अण्णा म्हणत. मीही तेव्हा अहोजाहो करायचे. आता करत नाही. पर्मनंटसाठी कुणाची नावं वर पाठवायची ते त्याच्या हातात होतं. खात्याची दर मे महिन्यात पार्टी व्हायची, पवनेच्या काठी, आंब्याच्या राईत. एकदा मालकांनी डब्यात नेलेलं भाजलेलं मटण अण्णाने बघितलं. चाखलं की नाही ठाऊक नाही, पण वास घेतला असणार. म्हणाला, "पार्टीला तुझ्या मंडळींनाच आण की. तुझ्या नावाचं बघू आपण."

पहिल्या वर्षी मी गेले. हौसेने गेले. मालकांनी कंपनीच्या भंगारातल्या चपट्या पट्ट्यांच्या सळया करून दिल्या होत्या. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. सळई चपटी हवी. गोल सळईवर तुकडा फिरतो, सळई उलटली तरी मटण तिथल्या तिथेच राहतं आणि एक बाजू कच्ची राहते. अण्णाने मला राईच्या मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीआड बसवलं.

"पुढे येऊ नका वहिनी," तो म्हणाला. "सगळी बाप्यांची गर्दी. उगीच कशाला?"

मला वाटलं, माणूस बरा आहे, बाईमाणसाची काळजी करतो. मी भाजत राहिले. तो ताटं भरून पुढे नेत राहिला.

दुसऱ्या वर्षी वारा माझ्याकडे होता. पुढचं बोलणं भिंतीआडून स्पष्ट ऐकू येत होतं. कुणीतरी विचारलं, "अण्णा, झकास झालंय राव. कुणी बनवलंय?"

"घरचंच आहे, घरचंच," अण्णा म्हणाला. "भलत्यासलत्याच्या हातचं तुम्हाला घालीन का मी?"

आम्ही बौद्ध. त्या खात्यात कोण कुणाच्या हातचं खातो, कोण नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. कुणी तोंडाने बोलत नसे, एवढंच. मी सळई हातात धरून तशीच बसले. चरबी विस्तवावर चुर्र करून पडत होती. मग सगळ्यांचं झाल्यावर अण्णा मागे आला. पुढे स्टीलच्या ताटल्यांची चळत होती, मला दिसत होती. त्याने वर्तमानपत्राचा कागद माझ्यासमोर जमिनीवर पसरला आणि उभ्या उभ्या, वरून, त्यावर चार तुकडे टाकले. माझ्याच हातचे. एक घरंगळून मातीत गेला.

"घ्या वहिनी, तुम्ही पण घ्या," म्हणाला.

मालक तिथेच सळया धूत होते. त्यांनी बघितलं आणि मान खाली घातली. मी ते तुकडे कागदासकट उचलले आणि विस्तवात टाकले. अण्णा तोवर पुढे निघून गेला होता. त्याला ते दिसलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

लोक म्हणतात, राग गिळावा. मी नाही गिळला. राखेखाली झाकून ठेवला. झाकलेला विस्तव दुसऱ्या दिवशीही चुलीला पुरतो, हे चूल पेटवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

तिसऱ्या वर्षीचा उन्हाळा मला एकेका दिवसासकट आठवतो. त्या वर्षी पवनेत नुसती डबकी राहिली होती. मावळातल्या बाया करवंदांच्या पाट्या घेऊन चाळीत यायच्या, त्यांच्या पायांना फोड आलेले असायचे. पत्र्याखाली बसवत नव्हतं म्हणून आम्ही दारातच बसायचो. एका संध्याकाळी मालकांबरोबर अण्णा आला. या वर्षी पार्टीला कंपनीचे मोठे साहेब येणार होते. अण्णाला त्यांच्यासमोर उभं राहून, स्वतःच्या हाताने भाजून दाखवायचं होतं.

तो आत आला नाही. मी उंबऱ्याबाहेर स्टूल टाकलं. कंपनीच्या पॅकिंगच्या फळ्यांचं स्टूल. परदेशातून मशिनं यायची, त्यांची खोकी चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाची असायची. त्या फळ्यांची तेव्हा फार ऐट होती. चाळीत कुणाची खाट, कुणाचं कपाट, कुणाचा दरवाजा, सगळं त्या फळ्यांचं. त्यावर निळ्या शाईचे परदेशी शिक्के असायचे आणि ते कुणी पुसायचं नाही. आमच्या स्टुलावरही होता. अण्णा त्या शिक्क्यावर बसला आणि त्याने खिशातून कंपनीची डायरी काढली.

"चहा टाकते," मी म्हणाले.

"नको नको, आत्ताच झाला."

"पाणी?"

"नको. सांगा तुम्ही."

मी सांगितलं. खरं खरं सांगितलं. आलं-लसूण पाट्यावर वाटायचं, पाणी न घालता. दही फडक्यात टांगून घट्ट करायचं. कच्ची पपई सालीसकट किसायची, पण किलोला एक चमचा, आणि लावून तासभरच ठेवायचं. जास्त ठेवलं तर मटणाचा लगदा होतो आणि सळईवरून गळतो. तिखट दोन प्रकारचं, एक रंगाला, एक झटक्याला. तेल शेवटी. मीठ सगळ्यात शेवटी, सळईवर लावायच्या जरा आधी, नाहीतर मटण पाणी सोडतं. तुकडे एकमेकांना चिकटवून ओवायचे नाहीत, बोटभर फट ठेवायची. सारखं उलटत बसायचं नाही. दाबायचं तर मुळीच नाही, दाबलं की त्यातला रस विस्तवाला जातो आणि आपल्याला चोथा उरतो. उतरवल्यावर झाकून ठेवायचं, शंभर आकडे मोजेपर्यंत, मगच वाढायचं.

अण्णा मान हलवत लिहीत होता. शाळेतल्या मास्तरांनीही माझं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

"आणि लाकडाचं काही टेन्शन नाही," तो डायरी मिटता मिटता म्हणाला. "कंपनीच्या फळ्या सांगून ठेवल्यात. एक नंबर वाळलेल्या. काडी लावली की पेटतात."

इथे मालकांनी तोंड उघडलं.

दोन्ही वर्षं बाभळीची मोळी त्यांनीच डोक्यावरून आणली होती, चिखलीकडच्या बांधावरून, हाताला काटे टोचून घेत. बाभळीला जाळ बेताचा, पण तिचा विस्तव तासन्‌तास टिकतो. चिडाच्या फळीत राळ असते, थिनरसारख्या वासाची. ती भडकते, काळा धूर ओकते आणि विझली की तिचा निखारा राहत नाही, नुसती भुरभुरीत राख. दोन वर्षांत पंपाच्या खोलीमागे माझ्या शेजारी क्षणभर उकिडवं बसला असता, तरी अण्णाला हे दिसलं असतं. पण तो ताट उचलण्यापुरता यायचा. आमच्या विस्तवाजवळ त्याला बसायचं नव्हतं.

मी मालकांकडे बघितलं. त्यांनी तोंड मिटलं.

"एवढंच ना?" अण्णाने विचारलं. "काही राहिलं तर नाही?"

"न्हाई," मी म्हणाले. "एवढंच."

तो गेला. मालकांनी स्टूल उचलून आत घेतलं.

"शेवंता, तू लाकडाचं बोलली न्हाईस."

"त्यांनी इचारलं न्हाई."

"इचारलं की. काय राहिलं का म्हणून इचारलं."

"मग तुमी सांगायचं."

"अगं, या महिन्यात यादी जाणार हाय. माझं पर्मनंट हाय त्याच्यात."

"ठाऊक हाय मला."

"दोन पोरं हायती आपल्याला."

"ते बी ठाऊक हाय. सांगायचं आसंल तर जावा. अजून नाक्यावर बी पोचला नसंल. पाय हायती तुमाला."

मालकांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले. मी दारातच बसून राहिले. आत पोरं भांडत होती, त्यांना ओरडायचंही सुचलं नाही. मला वाटलं, सांगणार. सांगितलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता, पण पुन्हा त्यांच्या ताटात माझ्या हातचं भाजलेलं पडलं नसतं, हेही नक्की. थोड्या वेळाने ते परत आले. तोंडात पान होतं.

"भेटला का?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "मी पान खायला गेलतो."

आमच्या अख्ख्या संसारात त्यांनी मला दागिना केला नाही, कधी दोन गोड शब्द बोलले नाहीत. पण ते पान मी विसरले नाही.

पार्टीला मला बोलावणं नव्हतं. मी घरी चटणी-भाकरी केली. मालक परत आले ते दिवस मावळताना, आणि दारातच बसून पोट धरून हसायला लागले. त्यांच्या शर्टाला थिनरचा वास येत होता. पुढचं सगळं त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, पण मला ते डोळ्यांनी बघितल्यासारखं दिसतं.

फळ्या पेटल्या त्या पुरुषभर उंच. अण्णाने जाळावरच सळया धरल्या, कारण जाळ गेल्यावर खाली काही उरतच नव्हतं. उरलं नाही की तो आणखी फळ्या टाकायचा. काळा धूर राईत असा बसला की झाडावरचे कावळे उठून गेले. मटण बाहेरून काजळी, आतून लाल. मोठ्या साहेबांना पहिला तुकडा दिला, स्टीलच्या ताटलीत, वर लिंबाची फोड ठेवून. साहेबांनी तो तोंडात घातला, चावला, उठले, आंब्याच्या बुंध्याआड गेले आणि रुमालात थुंकले. परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "क्या अण्णा, पेंट शॉप में पकाया क्या?"

झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव पेंट शॉप पडलं. शिफ्ट बदलताना गेटवर पोरं ओरडायची, "ओ पेंट शॉप, एक कोट मारा की!" कँटीनमध्ये मटणाचा दिवस असला की कुणीतरी त्याच्या ताटाशी नाक नेऊन वास घ्यायचं. मालक येऊन रोज एक नवीन किस्सा सांगायचे आणि मी तो दोनदा सांगायला लावायचे.

यादी गेली. मालकांचं नाव त्यात नव्हतं. अण्णा त्यांना म्हणाला, "तुझ्या बायकोने सांगितलं तस्संच केलं मी. डायरी दाखवू का?" आणि ब्रेक दिला, तो परत न बोलावण्याचा. भोसरीला दुसरं काम मिळेपर्यंत पावसाळा गेला. धाकट्याला त्या दिवसांत गोवर आला. मी शेजारणीकडून तांदूळ मागून आणले, जी नळावर हंडा बाजूला करायची नाही तिच्याकडून. तिने दिले, पण दारात उभं करून दिले. हे सगळं माझ्या त्या एका "न्हाई"मुळे झालं. मालक एकदाही बोलून दाखवत नव्हते, त्याने जास्त टोचायचं. पण मला कुणी विचारलं, परत ती संध्याकाळ आली तर काय करशील, तर मी परत तेच करीन. मातीत गेलेला तो तुकडा मला अजून दिसतो.

आता विस्तवाचं ऐका, जावईबापू, आणि ती बाटली फेकून द्या. बाभूळ घ्या, नाहीतर तिचा लोणारी कोळसा. घाई करू नका. जाळ पूर्ण मरू द्या. निखाऱ्यावर राखेचा पातळ पदर येऊ द्या, दुधावर साय येते तसा. मग त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. पाच मोजेपर्यंत हात टिकला पाहिजे आणि सहाला काढावासा वाटला पाहिजे. तीनलाच काढावा लागला तर थांबा, दहा मोजले तरी काही वाटत नसेल तर पुठ्ठ्याने वारा घाला. विस्तव एका बाजूला दाट ठेवा, दुसऱ्या बाजूला विरळ. चरबी गळून जाळ उठला की सळई विरळ बाजूला सरकवा. पाणी मारू नका, राख उडते. हेच ते राहिलेलं. माझ्या बापाने भिंतीपाशी बसवून मला शिकवलेलं.

मालक भोसरीला लागल्यावर मी आकुर्डी स्टेशनच्या रस्त्याला गाडी लावली. बापाची लांबट शिगडी आणली, बाभळीची मोळी खाली ठेवली आणि पाटी रंगवून घेतली: 'शेवंताबाईचं भाजलेलं मटण'. नाव मोठ्या अक्षरांत घ्यायला लावलं. पेंटर म्हणाला, "बाई, मटण मोठं पाहिजे, नाव बारीक." मी म्हणाले, "तू रंगव." अण्णाच्या खात्यातली माणसं यायची. पाटी वाचायची, मला बघायची. काही जण चाखून थांबायचे, काहीतरी आठवल्यासारखं करायचे. एकजण म्हणाला, "ही चव मी खाल्लीय कुठंतरी." मी म्हणाले, "आंब्याच्या राईत खाल्लीस. पंपाच्या खोलीमागं मी होते." तो खाली बघून खात राहिला. उठून गेला नाही. जे कधी आलेच नाहीत, तेही मला ठाऊक आहेत.

बऱ्याच वर्षांनी, ऐंशी सालाच्या पुढचा एक उन्हाळा असेल, अण्णा आला. केस पांढरे, पोट सुटलेलं. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय म्हणाला.

"ओळखलंत का वहिनी?"

"वळखलं."

मी त्याला स्टीलच्या ताटलीत वाढलं, सगळ्यांना वाढते तसं. शेजारी पाण्याचा पेला ठेवला. तो मटण खात होता, तिखटाने हाय हाय करत होता. पेल्याकडे बघत नव्हता.

"पाणी प्या अण्णा," मी म्हणाले. "आमचंच हाय."

गिऱ्हाइकं बघत होती. तो प्याला. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली, ती मी पुरती बघून घेतली.

मग तो हळूच म्हणाला, "वहिनी, एक विचारायचं होतं. इतकी वर्षं डोक्यात आहे. त्या वर्षी डायरीत होतं तसं सगळं केलं मी. माझं चुकलं काय हो?"

समोर विस्तव फुलला होता, त्याच्या तोंडावर धग येत होती. खाली बाभळीची मोळी होती आणि त्याचा एक पाय त्या मोळीवरच टेकलेला होता.

"मीठ," मी म्हणाले. "मीठ आधी लावलं आसंल तुमी."

त्याने कपाळावर हात मारला. "तरी आमची मंडळी म्हणतच होती! मीठच."

तीन-चार वर्षांनी तो गेला. मीठच समजून गेला. त्या दिवशी निघताना त्याला मोळीची ठेच लागली. धोतराचा सोगा काट्यात अडकला, तो त्याने ओढून सोडवला आणि कातावला, "ही लाकडं वाटेत कशाला ठेवता हो?"

"चुकलं," मी म्हणाले आणि मोळी जरा बाजूला सरकवली.